नांव भाड्यानें घेण्याचा करार

गेल्या चैत्रांत साकोली तालुक्यांतील एकोडीस जाण्याचा योग आला. माझ्या थोरल्या आतेबहिणीचें सासर तेथें आहे. घर जुन्या वळणाचें: पुढें रुंद ओसरी, मागें वाडी, गांवालगत धानाच्या बांध्या आणि एका चुलीवर जेवणारीं ९ माणसें. मला बोलावणें आलें होतें तें मात्र लग्नमुंजीचें नव्हतें. घरची धाकटी सून बी. एड. झालेली आहे. तिला गांवांतील ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठीं शाळा काढावयाची होती, आणि तिच्या हातीं एका मोठ्या शहरांतील नांवाजलेल्या बालशिक्षण-संस्थेचा ३२ पानी इंग्रजी करारनामा येऊन पडला होता. संस्थेचें नांव, तिची पाटी, तिचा अभ्यासक्रम, तिचे गणवेश हें सर्व वापरण्याची परवानगी. त्याबद्दल आरंभीं एक ठोक रक्कम आणि पुढें दरसाल उत्पन्नाचा ठराविक हिस्सा. “मामा, सही करण्यापूर्वीं एकदां वाचून द्या,” एवढेंच तिचें म्हणणें होतें. भाऊजींचें म्हणणें त्याहूनहि थोडकें होतें. करारनाम्याच्या अखेरीस त्यांच्या सहीसाठीं एक जागा सोडलेली होती. ती कशासाठीं, एवढें त्यांना समजून घ्यावयाचें होतें.

ओसरीवर दोन दिवस बसून मीं तो करारनामा वाचला. असे करारनामे हल्लीं पुष्कळ घरांत येऊं लागले आहेत. चहाचें दुकान, औषधांचें दुकान, शिकवणीचा वर्ग, रक्ततपासणीचें केंद्र, कशाचेंहि नांव आज भाड्यानें मिळतें. मुलगा किंवा सून हौसेनें पुढें होते, वडील माणसें कौतुकानें सही करितात, आणि कागद वाचावयाचा राहून जातो. म्हणून त्या दोन दिवसांत जें ध्यानांत आलें तें येथें मांडीत आहें.

प्रथम शब्दाविषयीं. ‘फ्रँचाइज’ हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांस परका नव्हता, मात्र तो निराळ्या अर्थानें. १९३२ सालीं लॉर्ड लोथियन यांच्या अध्यक्षतेखालीं जी ‘फ्रँचाइज कमिटी’ नेमली गेली तिचें काम मताचा हक्क कोणास द्यावा याचा विचार करण्याचें होतें, डॉ. आंबेडकर तिचे एक सभासद होते. आजहि कोश उघडला तर ‘मताधिकार’ हा अर्थ भेटतोच. मूळ फ्रेंच शब्दांत मोकळीक, सूट असा भाव आहे. व्यापारांत त्याचा अर्थ दुसऱ्याच्या नांवावर धंदा करण्याची मोकळीक असा झाला. आणि ही मोकळीक किती बाजूंनीं आवळलेली असते तें करारनामा वाचूं लागल्यावरच कळतें! अमेरिकेंत १८५० नंतरच्या काळांत सिंगर शिवणयंत्राच्या कारखान्यानें प्रांतोप्रांतींच्या विक्रीचे हक्क विकले, तेथून या पद्धतीचा आरंभ धरण्याचा प्रघात आहे. या लेखांत नांव देणारीस ‘मूळ पेढी’ आणि घेणाऱ्यास ‘शाखाधारक’ म्हणूं.

भंडारा-गोंदियाकडील माणसास या नात्याचा एक जुना नमुना घरबसल्या ठाऊक आहे. तो म्हणजे विडीच्या धंद्यांतील सट्टेदार. कारखानदार तंबाखू द्यावयाचा, कधीं पानेंहि द्यावयाचा. सट्टेदारानें गांवांतील बायाबापड्यांकडून विड्या वळवून घ्यावयाच्या आणि हजारावर ठरलेल्या दरानें कारखान्यास पोंचवावयाच्या. छाप कारखान्याचा, नापसंत माल फेंकून देण्याचा अधिकार कारखान्याचा, आणि नुकसान मात्र सट्टेदाराचें व वळणाऱ्या बाईचें. १९५८ सालीं ‘चिंतामणराव विरुद्ध मध्यप्रदेश सरकार’ या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, असे सट्टेदार हे कारखान्याचे ‘कामगार’ नव्हत, ते स्वतंत्र कंत्राटदार होत. कायद्याच्या दृष्टीनें निकाल सयुक्तिकच होता. परंतु घरीं बसून विड्या वळणाऱ्यांची जबाबदारी मूळ मालकावर आणण्यास पुढें १९६६ सालीं वेगळा कायदा करावा लागला. सुनेच्या करारनाम्यांत पांचवें कलम वाचतांना मला हे सट्टेदार आठवले. “शाखाधारक हा पेढीचा नोकर, मुखत्यार अगर भागीदार नाहीं,” असें तेथें लिहिलें होतें. आणि सहाव्या कलमापासून पुढें भिंतीचा रंग, मुलांच्या खाऊची वेळ आणि शिक्षिकेच्या साडीचा काठ येथपर्यंत सारें पेढीच्या हुकुमानें व्हावयाचें होतें. देखरेख नोकराप्रमाणें आणि जोखीम मालकाप्रमाणें, हा या कराराचा मूळ पिंडच आहे. तो बेकायदेशीर नाहीं; मात्र तो ओळखून मग पाऊल टाकावें.

आतां कायदा कोणता, हा प्रश्न येतो. फ्रँचायझीसाठीं असा स्वतंत्र कायदा आपल्या देशांत नाहीं. १८७२ चा करारकायदा, १९९९ चा व्यापारचिन्हांचा कायदा, लवादाचा कायदा अशा निरनिराळ्या ठिकाणांहून नियम गोळा करावे लागतात. अमेरिकेंत तसें नाहीं. तेथील व्यापार-आयोगानें १९७८ सालीं नियम केला आणि २००७ सालीं तो सुधारला. त्यान्वयें सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या निदान १४ दिवस आधीं मूळ पेढीला एक माहितीपत्रक द्यावें लागतें. पेढीवर कोणते दावे चालू आहेत, किती शाखा उघडल्या, किती बंद पडल्या, सोडून गेलेल्या शाखाधारकांचीं नांवें कोणतीं, हें सर्व त्यांत असावें लागतें. आपल्याकडे असें पत्रक देण्याचें बंधन नाहीं. फसवून करार करून घेतला असेल तर करारकायद्याच्या १९ व्या कलमाखालीं तो रद्द करवितां येतो खरा. परंतु त्याच कलमास एक अपवाद जोडलेला आहे. चुकीचें विधान करून किंवा गप्प राहून फसविलें असलें, तरी साध्या चौकशीनें खरें काय तें आपणांस समजण्यासारखें होतें असें दिसलें, तर ही सवलत मिळत नाहीं. “पहिल्याच वर्षीं गुंतवणूक वसूल” असें गुलाबी पुस्तिकेंत छापलेलें असतें, तें तर बहुधा नुसतें मत म्हणून सोडून दिलें जातें.

म्हणून चौकशी आपणच करावी. मीं सुनेला सांगितलें कीं, गेल्या ३ वर्षांत बंद पडलेल्या शाखांची यादी माग. तिनें पत्र लिहिलें. उत्तरीं चालू शाखांची सुबक यादी आली. बंद पडलेल्यांविषयीं अक्षर नव्हतें. मग तिनें चालू शाखांपैकीं चार ठिकाणीं स्वतःच फोन लावला. दोघींनीं उडवाउडवीचीं उत्तरें दिलीं. दोघी मोकळेपणानें बोलल्या, आणि त्यांपैकीं एकीनें जें सांगितलें तें ३२ पानांत कोठेंच नव्हतें: पुस्तकें व खेळणीं पेढीकडूनच घ्यावीं लागतात, आणि त्यांचे भाव दरसाल पेढीच ठरविते.

पैशाचें कलम वाचतांना पाटी-पेन्सिल घेऊन बसावें. हिस्सा एकूण जमेवर आहे कीं नफ्यावर, एवढ्या एका शब्दांत घर उभें राहतें किंवा बसतें. सुनेच्या करारांत तो एकूण फीच्या २० टक्के होता. आम्हीं ओसरीवर हिशेब मांडला. समजा ४० मुलें आलीं, दरमहा १,००० रुपये फी, वर्षाचे १० महिने. जमा ४ लाख. पेढीचा हिस्सा ८० हजार आणि त्यावर १८ टक्के वस्तु व सेवा कर १४,४००. उरले ३,०५,६००. दोन शिक्षिकांस दरमहा ८,००० प्रमाणें १२ महिन्यांचे १,९२,००० आणि मदतनीस बाईस ५,००० प्रमाणें ६०,०००. हातीं राहिले ५३,६००. त्यांतून वीज, दुरुस्ती, खेळणीं. सुनेचा स्वतःचा पगार आणि ओसरीचें भाडें यांचा उल्लेख या हिशेबांत नाहीं, हें माझ्या बहिणीनें स्वयंपाकघरांतून सांगितलें! शिवाय पोटकलम असें होतें कीं, मुलें कितीहि येवोत, पेढीचा हिस्सा सालीना १ लाखाच्या खालीं धरावयाचा नाहीं. पहिल्या वर्षीं २० च मुलें आलीं तर जमेचा निम्मा पैसा नांवाच्या भाड्यांतच जावयाचा.

यानंतरचें कलम मला अधिक लागलें. करार संपल्यावर ३ वर्षेंपर्यंत, २५ किलोमीटरांच्या आंत, शाखाधारकानें कोणत्याहि प्रकारची बालशाळा चालवूं नये अगर तींत शिकवूं नये, असें तें होतें. म्हणजे एकोडीच नव्हे, साकोलीहि बंद. ज्या मुलीनें शिकविण्याखेरीज दुसरें कांहीं शिकलेलें नाहीं, तिनें ५ वर्षें दुसऱ्याच्या नांवानें शाळा चालवावी आणि मग स्वतःच्याच अंगणांत मुलांना अक्षर काढून दाखविण्याची चोरी व्हावी! ती हें कलम वाचून गप्प बसली होती. मीं तिला सांगितलें तें येथें थोडें विस्तारानें सांगतों.

करारकायद्याच्या २७ व्या कलमानें कोणासहि कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. अपवाद एकच, धंद्याचा लौकिक विकला असेल तेव्हांचा. मात्र न्यायालयांनीं कराराची मुदत चालू असतांनाचें बंधन आणि मुदत संपल्यावरचें बंधन यांत फरक केला आहे. कल्याणच्या रेयॉन कारखान्यांतील निरंजन शंकर गोलिकरी यांनीं ५ वर्षांचा नोकरीचा करार मध्येंच सोडून दुसऱ्या कारखान्याची वाट धरली. १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना उरलेल्या मुदतीपुरती मनाई कायम केली, कारण तें बंधन मुदतीच्या आंतलें होतें. याच्या उलट बाजूचें उदाहरण आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खान यांचें. त्यांच्या जाहिरातीचें काम पाहणाऱ्या पेढीशीं त्यांचा ३ वर्षांचा करार होता. तो संपल्यावरहि नव्या कराराची पहिली संधि आपल्यालाच मिळाली पाहिजे, असें पेढीचें म्हणणें. मुंबई उच्च न्यायालयांत एका न्यायमूर्तींनीं पेढीच्या बाजूनें मनाई दिली, खंडपीठानें ती उठविली, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें खंडपीठाचाच निर्णय उचलून धरला. मुदत संपल्यानंतरचें असें बंधन २७ व्या कलमाखालीं टिकत नाहीं.

तेव्हां शिकविण्याची बंदी बहुधा टिकली नसती. पण पेढीचें नांव, पाटी व चिन्ह त्याच दिवशीं उतरविलें पाहिजे, आणि पेढीनें तयार केलेलीं पुस्तकें पुढें वापरतां येणार नाहींत. तीं तिचीं आहेत आणि १९५७ च्या कायद्यानें त्यांचा लेखाधिकार तिच्याकडे आहे. शिकविणें आपलें, पुस्तक परक्याचें. “टिकणार नाहीं” म्हणून असें कलम करारांत राहूं द्यावें कां? माझें मत, राहूं देऊं नये. निरर्थक कलम निरर्थक आहे हें सिद्ध करण्यासाठींहि वकिलाची फी पडते, आणि तोंपर्यंत गांवांतील पालक भिऊन दुसरीकडे जातात.

फ्रँचायझीच्या करारावरचा आपल्याकडील सर्वांत गाजलेला निकाल याच मुद्द्यावरचा आहे. तो दावा मुंबईच्याच उच्च न्यायालयांत उभा राहिला. ‘गोल्ड स्पॉट’, ‘लिम्का’, ‘थम्स अप’ हीं पेयें पार्ले समूहाचीं. १९९३ सालीं त्यांचीं नांवें कोका-कोला कंपनीनें विकत घेतलीं. अहमदाबाद व राजकोट येथें हीं पेयें बाटल्यांत भरणाऱ्या गुजरात बॉटलिंग कंपनीशीं कोका-कोलाचे दोन करार झाले होते. १९९३ च्या करारांत एक वर्षाची नोटीस हवी होती आणि तोंपर्यंत दुसऱ्याचें पेय भरूं नये अशी अट होती. १९९४ च्या करारांत ९० दिवसांची नोटीस पुरे होती. १९९५ च्या जानेवारींत बॉटलिंग कंपनीचे भाग प्रतिस्पर्धी पेप्सीच्या गोटांतील मंडळींकडे गेले आणि ९० दिवसांची नोटीस निघाली. कोका-कोलानें मनाई मागितली, ती मिळाली. ४ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. फ्रँचायझी चालू असतांना एकाच पेढीशीं निष्ठा ठेवण्याची अट ही व्यापारास अडथळा नसून त्याच्या वाढीसाठींच आहे, आणि नोटीसची मुदत पहिल्या कराराप्रमाणें एक वर्षाचीच, असें न्यायालयानें म्हटलें.

या खटल्यांतून घरगुती शाखाधारकानें घ्यावयाचें एवढेंच कीं, एकाच व्यवहाराचे दोन कागद होऊं देऊं नयेत. झाले तर कोणता वरचढ हें लिहून घ्यावें. सुनेच्या करारांत पेढीस ३० दिवसांच्या नोटिशीनें संबंध तोडतां येत होता, आणि सुनेला पहिलीं ३ वर्षें मुळींच नाहीं. हें समतोल नाहीं एवढें दाखवून द्यावयास कायद्याच्या पुस्तकाची गरज पडली नाहीं.

संबंध तुटतात तेव्हां काय होतें याचें मोठें उदाहरण उत्तर हिंदुस्थानांत झालें. मॅकडोनाल्ड्स आणि तिचा दिल्लीचा भागीदार यांच्यांत २०१३ पासून वाद चालू होता; २०१७ च्या ऑगस्टांत मूळ पेढीनें १६९ उपाहारगृहांचा नांवाचा परवाना एकदम काढून घेतला. समेट होण्यास २०१९ चा मे उजाडला. मोठ्यांस वर्षें परवडतात; ज्यांचा धंदा एका ओसरीवर आहे त्यांस एक हंगामहि परवडत नाहीं.

आतां भाऊजींच्या प्रश्नाकडे वळतों. ती रिकामी जागा जामिनाची होती. २९ व्या कलमाप्रमाणें “कुटुंबप्रमुखानें” सुनेच्या सर्व देण्यांस वैयक्तिक जामीन राहावयाचें होतें, आणि एकोडीचें घर तारण म्हणून दाखवावयाचें होतें. करारकायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आधीं सुनेकडे मागा, तिच्याकडून वसूल झालें नाहीं तर माझ्याकडे या, असें म्हणण्याची सोय जामिनास नाहीं. करारांत तसें लिहून घेतलें असेल तरच ती मिळते. आणि “सर्व देणीं” म्हणजे हिस्सा, दंड, व्याज, पेढीचा दाव्याचा खर्च, सारें कांहीं. रकमेची मर्यादा लिहिलेली नव्हती.

“मी घरचा कर्ता आहे ना? मग माझी सही पुरे नाहीं कां?” असें भाऊजींनीं विचारलें. प्रश्न साधा, पण एकत्र कुटुंबाच्या कायद्याचें मर्म त्यांतच आहे. कर्त्यास वडिलोपार्जित मिळकत गहाण टाकतां येते ती कायदेशीर गरजेसाठीं, कुटुंबाच्या हितासाठीं किंवा अवश्य धर्मकृत्यांसाठीं. नव्यानेंच काढलेल्या धंद्याची जोखीम घरांतील अज्ञान मुलांच्या माथीं मारण्याचा अधिकार कर्त्यास नाहीं, असें प्रिव्ही कौन्सिलनें १९३२ सालीं ‘बनारस बँक विरुद्ध हरिनारायण’ या अपिलांत सांगितलें आहे. भाऊजींच्या घरांत दोन नातवंडें अज्ञान. धाकटे बंधु भंडाऱ्यास नोकरीवर असतात. आणि एक बहीण गोंदियास दिलेली आहे. तिचा या घराशीं संबंध माहेरपणापुरता, अशी सर्वांची समजूत होती. ती समजूत आतां सोडली पाहिजे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं, आणि सबंध देशासाठीं ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदु वारसा कायद्याच्या दुरुस्तीनें, मुलीस जन्मतःच मुलासारखा सहदायाचा हक्क दिला. वडील त्या तारखेस हयात असावयास हवेत कीं नाहीं यावर पुष्कळ घोळ झाला. तो सर्वोच्च न्यायालयानें २०२० च्या ऑगस्टांत ‘विनीता शर्मा’ खटल्यांत मिटविला: हक्क जन्मानें आहे, वडील हयात असण्याची अट नाहीं. त्याच दुरुस्तीनें बापाचें ऋण मुलानें फेडलेंच पाहिजे ही जुनी धार्मिक जबाबदारीहि २००५ नंतरच्या कर्जापुरती काढून टाकली.

अर्थात् घर तारण देण्यास गोंदियाच्या बहिणीची व भंडाऱ्याच्या भावाची संमति हवी. ती न घेतां सही केली तर उद्यां दावा पेढीचा व्हावयाचा तो होईलच, शिवाय भावंडांचाहि होईल. भाऊजींनीं तें ऐकून सुपारी कातरण्याचें काम थोडा वेळ थांबविलें. “सुनेच्या शाळेपायीं बहिणीला सहीसाठीं बोलवायचें? भाऊबीजेला बोलावतों तशी?” असें ते म्हणाले. त्यांचा सूर नाराजीचा कीं लाजेचा हें मला त्या वेळीं ठरवितां आलें नाहीं.

बाकीचीं कलमें झटपट पाहूं. कोरे धनादेश सही करून देऊं नयेत. ते न वटल्यास १८८१ च्या कायद्याच्या १३८ व्या कलमाखालीं फौजदारी होते. अनामत “कोणत्याहि कारणानें” जप्त होईल असें लिहिलें असलें, तरी १९६३ च्या ‘फत्तेचंद’ निकालापासून न्यायालय ७४ व्या कलमाखालीं वाजवी तेवढीच भरपाई देतें. मात्र त्यासाठीं न्यायालयापर्यंत जावें लागतें. कराराचा मुद्रांक पूर्ण भरावा. अपुऱ्या मुद्रांकाचा कागद तुटीची रक्कम व दंड भरल्याखेरीज पुराव्यांत घेत नाहींत. शाखेचा प्रदेश नकाशावर रेखून घ्यावा, नाहींतर सहा महिन्यांनीं साकोलीच्या चौकांत त्याच नांवाची दुसरी पाटी लागते.

ग्राहकास उत्तर कोणी द्यावयाचें, हा प्रश्न या विषयांत नेहमीं अंधारांत राहतो. नागपूरकरांनीं तो विजेच्या बाबतींत अनुभवला आहे. २००३ च्या विद्युत् कायद्यांत ‘फ्रँचायझी’ची व्याख्याच दिलेली आहे, आणि महावितरणनें २०११ च्या मे महिन्यापासून नागपूरच्या तीन विभागांचें वीजवाटप एका खासगी कंपनीस १५ वर्षांसाठीं दिलें. आठ वर्षांतच तो संसार मोडला. २०१९ च्या सप्टेंबरांत काम पुनः महावितरणकडे आलें. परंतु या काळांत घरांतील दिवे विझले नाहींत, याचें एक कारण कायद्यानें मूळ परवानेदाराची जबाबदारी काढून घेतलेली नव्हती. भिवंडींत २००७ पासून अशीच व्यवस्था दुसऱ्या कंपनीकडे आहे व ती टिकली आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. बालशाळेच्या करारांत असें कवच नसतें. शाखा बंद पडली तर वर्षाची फी भरलेले पालक सुनेच्या दारीं येणार, कारण पावतीवर सही तिची. पेढीनें तर ११ व्या कलमांत आपले हात आधींच धुतलेले होते.

आणि भांडण झालेंच तर कोठें? करार म्हणत होता, पेढीच्या शहरीं, पेढीनें नेमलेल्या लवादापुढें. ठिकाणाविषयींचें कलम सहसा टिकतें. १९७१ च्या ‘हकम सिंग’ निकालानें दोन सक्षम न्यायालयांपैकीं एक निवडण्याची मुभा दिली, आणि २०१७ च्या ‘इंडस मोबाईल’ निकालांत तर लवादाचें आसन मुंबई लिहिलें होतें एवढ्यावरून उभय पक्षांस मुंबईसच यावें लागलें, जरी मुंबईंत कांहींच घडलें नव्हतें. मात्र लवाद एकट्या पेढीनें नेमावा, ही अट २०१९ पासून सर्वोच्च न्यायालय मानीत नाहीं. लवादाचें कलमच नसेल तर २०१५ च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यांत फ्रँचायझीचे तंटे नांवानिशीं घातलेले आहेत. ३ लाख रुपयांवरच्या दाव्यास तो लागू होतो, आणि तांतडीची मनाई मागावयाची नसेल तर आधीं मध्यस्थीची पायरी चढावी लागते. ही पायरी मला आवडते. सुनेला मीं एवढेंच विचारलें कीं, तारखेच्या दिवशीं एकोडीहून निघून त्या शहरीं पोंचावयास आगगाडीची एक रात्र जाते, त्या दिवशीं शाळेंत मुलांना कोण बघेल?

तिनें पांच दुरुस्त्यांचें पत्र स्वतः मराठींत लिहिलें, मग इंग्रजींत केलें. उत्तर तीन आठवड्यांनीं आलें. मुदतीनंतरची बंदी नांव व पुस्तकांपुरती राहिली. लवादाचें ठिकाण नागपूर झालें, लवाद उभयतांच्या संमतीचा. नोटीस दोन्ही बाजूंस ९० दिवसांची. जमेऐवजीं नफ्यावर हिस्सा घेण्यास पेढीनें साफ नकार दिला, पण १ लाखाची किमान रक्कम पहिलीं दोन वर्षें सोडली. जामिनकी काढली नाहीं. ती २ लाखांपुरती केली आणि घराचें तारण वगळलें. मला स्वतःला जामिनकी इतकीहि नको होती आणि तसें मीं भाऊजींस कळविलें. त्यांनीं उलट पत्रीं लिहिलें कीं, २ लाख त्यांच्या स्वतःच्या ठेवींत आहेत, आणि सुनेला एवढें तरी दिलेंच पाहिजे. गोंदियाच्या बहिणीस त्यांनीं तरीहि बोलाविलें होतें. कागद तिच्यापुढें ठेवून मगच सही केली, असें माझ्या बहिणीनें फोनवर सांगितलें.

शाळा जूनच्या अखेरीस सुरू झाली. पहिल्या दिवशीं ओसरीवर १७ मुलें होतीं. करारनाम्याची एक प्रत भाऊजींनीं सातबाराच्या उताऱ्यांबरोबर लोखंडी पेटींत ठेविली आहे. दुसरी सुनेच्या टेबलावर असते, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत पुढच्या वर्षाचा हिशेब पेढीस पाठवावयाची तारीख तिनें आतांपासूनच तांबड्या शाईनें वर्तुळून ठेविली आहे.